डायमंड कट नको, रंगवलेले चाक द्या



डोंबिवलीत काहीही गंजले की बोट एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांकडे जाते. त्याला कारणही आहे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला आले. त्यामुळे नव्या गाडीच्या डायमंड कट अलॉयवर काही पावसाळ्यांतच पांढरे पोपडे दिसले, की मालक इथल्या हवेला शिव्या देतो आणि शोरूमवालाही खुशीने मान डोलावतो. खरे दुखणे चाकाच्या घडणीत आहे.

ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला आधी प्रायमर आणि रंग लावून भाजतात. मग लेथवर हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने दर्शनी भागावरचा रंग कातून काढतात. उघडा पडलेला धातू लखलखतो, पण प्रायमर तिथून गेलेला असतो. त्यावर मग फक्त पारदर्शक लॅकरचा थर देतात. कातलेला आणि रंगीत भाग जिथे भेटतात तिथे धार राहते. ओले लॅकर धारेवरून मागे सरते, म्हणून थर सगळ्यांत पातळ नेमका तिथेच. फुटपाथचा ओरखडा, उडालेली खडी किंवा बॅलन्सिंगचे वजन ठोकताना पडलेली चीर एवढे पुरते. पाणी आत शिरते आणि अळीने पान पोखरावे तशा पांढऱ्या नागमोडी रेषा लॅकरखालून पुढे सरकू लागतात.

दमट हवा आणि क्षार त्यांना वेग देतात. ठाण्याला खाडी आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे. ब्रेकची काळी पूड झटपट निघावी म्हणून वॉशिंग सेंटरवाला अ‍ॅसिड मारतो, तेही लॅकरच्या मुळावर येते. पण इंग्लंडमध्ये एमआयडीसी नाही. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि डायमंड कटची हीच तक्रार तिथेही होते.

‘जपून चालवा, सौम्य शाम्पूने धुवा’ हा सल्ला शोरूममध्ये हमखास मिळतो. धुण्यापुरता तो योग्यच. जपून म्हणजे कुठून चालवायचे? २०१८ च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच जणांचे बळी घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला खड्ड्यांतील मृत्यूसाठी सहा लाखांची भरपाई ठरवून द्यावी लागली. जिथे माणूस वाचवायची मारामार, तिथे रिमची कड कोण वाचवणार?

दुरुस्तीचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. चाक पुन्हा पहिल्यासारखे चमकवायचे तर जुने लॅकर उतरवून ते परत लेथवर चढवावे लागते. प्रत्येक वेळी मिलीमीटरचा काही अंश धातू जातो, त्यामुळे हा उपाय मोजक्या वेळाच करता येतो. आणि नवे लॅकरही त्याच उघड्या धातूवर, त्याच धारेवर बसते, म्हणजे रोग तसाच. त्यात खड्ड्याने वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्याने सरळ केलेली असेल, तर कारखान्यात उष्णता देऊन आणलेली तिची ताकद तिथे आधीच घटलेली असते. गाडीचा भार पेलणारी वस्तू केवळ चमकेसाठी बारीक करत जाणे शहाणपणाचे नाही. तडा नाही याची खात्री करून, गंज पूर्ण काढून, प्रायमरसकट एकाच रंगात पावडर कोटिंग करून घेणे हा टिकाऊ मार्ग. चमक जाते, चाक राहते.

प्रश्न असा की, हा खर्च गिऱ्हाईकाने का सोसायचा? डायमंड कट चाके बहुधा वरच्या व्हेरिएंटबरोबरच गळ्यात पडतात. सनरूफ किंवा जादा एअरबॅग हव्या असतील, तर ती चाकेही घ्यावीच लागतात. वॉरंटीत मात्र दगडाचे ओरखडे, रसायने आणि हवामान यांनी बिघडलेला पृष्ठभाग साधारणपणे वगळलेला असतो. म्हणजे किनारपट्टीवर गाडी विकायची आणि किनाऱ्याच्या हवेची जबाबदारी झटकायची.

कंपन्यांनी दोन गोष्टी कराव्यात. वरच्या व्हेरिएंटवरही पूर्ण रंगवलेल्या अलॉयचा पर्याय त्याच किमतीत द्यावा; आणि चाकाच्या लॅकरची वॉरंटी किती, त्यातून काय वगळले आहे, हे बुकिंगच्या कागदावर मराठीत छापावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी हा विषय कंपन्यांपुढे न्यावा. तोवर ठाणे-कल्याणच्या गिऱ्हाईकाने बुकिंगची रक्कम भरण्याआधी या दोन्ही गोष्टींचे उत्तर लेखी मागावे.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)