पुस्तक तिचे, नोंद कुणाची?

मैत्रिणींनो,

गेल्या काही महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या गटांकडून येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एक विषय सारखा निघतो आहे. लेखन शिबिरांतून लिहित्या झालेल्या बायकांची पुस्तके आता तयार आहेत. प्रकाशक मिळत नाही, मिळाला तर आधी पैसे मागतो. म्हणून कुणी कुणी स्वतःच ई-बुक करून ते ऑनलाइन विक्रीला ठेवू पाहते, आणि इथेच घोडे पेंड खाते. अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, पुस्तक हिंदीच्या यादीत जाऊन बसते, लेखिकेचे नाव शोधले तर सापडत नाही, नाहीतर फाइल नाकारल्याचे एक इंग्रजी वाक्य तेवढे येते. मग कुणीतरी म्हणते, "जाऊ दे ताई, हे आपल्याला नाही जमायचे." या वाक्याने मी अस्वस्थ होते. म्हणून हे संपादकीय वरवर तांत्रिक दिसणाऱ्या प्रश्नावर लिहिते आहे.

बाईचे पुस्तक नाहीसे करायला दर वेळी बंदी घालावी लागत नाही. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी त्या पुस्तकाची पाठराखण केली, तरी पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा आपल्या चळवळीच्या हाती ते आले. मधली ९३ वर्षे आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तक मिळालेच नाही. जे मिळत नाही, ते असून नसल्यासारखेच. ऑनलाइन यादीत चुकीच्या नावाखाली, चुकीच्या भाषेत पडलेल्या पुस्तकाचे याहून वेगळे काय होणार?

याच परंपरेत दुसरेही एक उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना उभा केला. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापले आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये ते पूर्ण झाले. समाजाने टाकलेल्या बायकांच्या हाती त्यांनी लेखणीबरोबर छपाईचे तंत्रही दिले. आज खिळ्यांची जागा फाइलने घेतली आहे, एवढाच फरक.

तेव्हा चुका कुठे होतात ते एकेक करून पाहू.

पहिली अडचण फाँटची. आपला मजकूर बहुधा डीटीपी सेंटरवर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झालेला असतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही त्यातली परिचित नावे. या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते, फाँट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो आणि निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. यावर उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. त्यासाठीची साधने फुकट मिळतात. पण बदलल्यानंतर मुद्रितशोधन पुन्हा केलेच पाहिजे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे आहे. म्हणून बदल करताना वेलांट्या आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

आपल्या मराठीची खास अडचण 'ऱ्य'ची. तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, दुसरीत साध्या 'र'नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना हे चिन्ह गळाले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. कोकणात दोन्ही आहेत, म्हणून चूक पटकन ध्यानातही येत नाही! संपूर्ण मजकुरात 'ऱ' अक्षराचीच पद्धत ठेवावी, म्हणजे हा धोका टळतो.

दुसरी अडचण फाइलच्या प्रकाराची. छपाईसाठी केलेली पीडीएफ तशीच वर चढवण्याचा मोह होतो. पण तिचे पान ठरावीक मापाचे असते, मोबाइलच्या पडद्यावर ओळी नव्याने मोडत नाहीत, आणि तिच्यातून देवनागरी उचलायला गेले तर अक्षरे विस्कटतात. ई-बुकसाठी ईपब किंवा नीट बांधलेली वर्डची फाइल लागते. प्रकरणांची नावे नुसती ठळक न करता त्यांना 'हेडिंग'ची शैली द्यावी, तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते. हाताने घातलेले पृष्ठक्रमांक काढून टाकावेत. स्पेस दाबून दाबून जागा सोडू नये. फाँट मुक्त परवान्याचा घ्यावा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' तसा आहे. ईपबमधल्या चुका दाखवणारे 'ईपबचेक' हे साधनही विनामूल्य आहे. त्याच्या यादीतली पहिली चूक आधी दुरुस्त करावी, पुष्कळदा तिच्यामुळेच पुढच्या दहा चुका दिसत असतात.

तिसरी अडचण भाषेच्या रकान्याची. ॲमेझॉनच्या किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठीसह पाच भारतीय भाषांतली ई-पुस्तके मिळू लागली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तरी फाइल बनवताना भाषा हिंदी राहून गेली, तर पुस्तक हिंदीचेच समजले जाते आणि काही फाँट 'ल' व 'श'ही हिंदी वळणाचे दाखवतात. भाषा दोन ठिकाणी तपासा, एकदा विक्रीच्या नोंदीत आणि एकदा फाइलच्या आत. आतली खूण मराठीसाठी 'एमआर' अशी असते. मुखपृष्ठावरचे शीर्षक आणि नोंदीतले शीर्षकही शब्दशः एकच हवे. त्यातला फरक हे फाइल अडकण्याचे नेहमीचे कारण आहे.

आता चौथी अडचण, आणि इथे तंत्र संपून आपले राजकारण सुरू होते. ती नावाची. नोंदीच्या अर्जात 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन रकाने असतात. ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जन्मापासून मरेपर्यंत एकच नाव लावणारा पुरुष असावा. आपल्या बाईचे काय? पहिली कविता माहेरच्या नावाने, दुसरे पुस्तक सासरच्या, मधल्या जागी कधी वडील, कधी नवरा, आणि कुणीतरी हौसेने लावलेले 'सौ.'. यंत्राच्या लेखी या तीन निरनिराळ्या लेखिका ठरतात. बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हे विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध केले. पुढे त्या मालती बेडेकर म्हणूनही लिहीत राहिल्या. या साऱ्याजणी एकच, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, यंत्राला ते सांगावे लागते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला. तोवर वाढलेल्या आपण साऱ्याजणींनी मात्र लेखिका म्हणून कोणते नाव लावायचे ते स्वतः ठरवावे, आणि ते सगळीकडे अक्षरशः तसेच लिहावे. 'ॲ'ने सुरू होणारे नाव असेल तर आणखी काळजी घ्या. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले नाव दिसायला सारखेच, पण शोधताना वेगळे ठरू शकते.

टोपणनावाने लिहिणाऱ्या मैत्रिणींनी घाबरू नये. पुस्तकावर टोपणनाव आणि पैशांसाठी पॅन कार्डावरचे नाव, अशी सोय असते. पॅन आणि बँक खाते यांतले नाव मात्र जुळायला हवे. लग्नानंतर एक बदलले आणि दुसरे राहिले, या कारणाने मानधन अडकते.

पाचवी अडचण भाषेचे 'शुद्धीकरण'. आपल्या एका गटाने मासळी विकणाऱ्या आणि आंब्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची कथने त्यांच्याच बोलीत लिहून काढली. टाइप करणाऱ्याने संगणक लाल रेघ दाखवेल तो शब्द पुस्तकी करून टाकला. आम्ही मूळ वह्या समोर ठेवून ते सारे पुन्हा बोलीत आणले. फणसवळ्यात जन्मलेल्या ऊर्मिला पवार यांच्या २००३ मधल्या आत्मकथनाचे नाव 'आयदान' आहे. बांबूच्या विणकामाचा हा शब्द कुणी 'सुधारला' असता तर केवढे गमावले असते! काही विक्रीस्थळे वाचकांच्या तक्रारीवरून शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारी सूचना पाठवतात. ती आली तर गप्प बसू नका. हे बोलीतले शब्द आहेत, असे उत्तर लिहून पाठवा आणि पुस्तकाच्या आरंभी तशी टीप घाला. खरी चूक असेल तर अर्थात दुरुस्त करा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी घेते. खाते कुणाचे? भाचा हुशार म्हणून त्याच्या ई-मेलवर खाते उघडले, बँक नवऱ्याची, फाइल डीटीपीवाल्याकडे, असे अनेकींचे आहे. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण उद्या एक वाक्य बदलायचे तरी तिला तिघांची मनधरणी करावी लागते, आणि घरात वाद झाला तर पुस्तकच नाहीसे होऊ शकते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने लेखिका हीच पहिली मालक आहे आणि तिच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकला तरी लेखिका म्हणून नाव लावण्याचा अधिकार तिचाच राहतो. कायदा आपल्या बाजूने आहे. पासवर्डही आपल्याकडे असू द्या.

नोंदीचे आणखी दोन मार्ग आहेत. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. २०१६ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो आणि स्वतः प्रकाशित करणारी लेखिकाही तो करू शकते. छापील प्रत आणि ई-बुक यांचे क्रमांक वेगळे असतात, एकच दोन्हींना लावू नये. शिवाय जमल्यास थोड्या प्रती छापाव्यात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाची एकेक प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना पाठवायची असते. हे बंधन लेखिकेने हक्क म्हणून वापरावे. दुकान बंद पडेल, खाते गोठेल, ग्रंथालयातली प्रत राहील. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची आहे, तिथेही एक प्रत अवश्य द्या.

हे वाचून कुणी म्हणेल, चळवळीपुढे हिंसाचाराचे, रोजगाराचे, जमिनीचे प्रश्न असताना वेलांट्या आणि पासवर्ड काय घेऊन बसलात? पण त्या हिंसेची आणि कष्टांची साक्ष बायकांनी लिहून ठेवली आहे. ती साक्ष सापडली नाही, तर पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

म्हणून एक सूचना. प्रत्येक गटाने किमान दोघींना हे काम शिकवावे. एकीलाच नको, कारण एकीवरच सारे अवलंबून राहते. प्रत्येक पुस्तकाची अंतिम फाइल लेखिकेकडे आणि गटाकडे, अशी दोन ठिकाणी जपावी. विक्रीला ठेवण्याआधी ती साध्या मोबाइलवर उघडून लेखिकेला वाचायला द्यावी. जिला अक्षरओळख नाही तिला वाचून दाखवावी, आणि तिने "हो, हे माझे" म्हटल्याशिवाय शेवटचे बटण दाबू नये.

तुमच्या गटाला आलेल्या अडचणी आणि तुम्ही काढलेली वाट, दोन्ही आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.

संपादक मंडळाच्या वतीने,
रत्नागिरी