मोतीबाग कुणासाठी?

पोलादाच्या भट्टीसमोर आठ तास उभ्या राहिलेल्या कामगाराने आणि दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार रेटणाऱ्या त्याच्या पत्नीने जालन्याच्या उन्हाळ्यात सायंकाळी घटकाभर टेकावे कोठे? ज्यांच्या बंगल्यापुढे हिरवळ आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. इतरांसाठी मोती तलावाकाठची मोतीबाग आहे. तिच्या पुनरुज्जीवनाकडे म्हणूनच आम्ही केवळ सुशोभीकरणाचे काम म्हणून पाहत नाही.

जमशेदखानाने हा तलाव बांधला, जमिनीखालून नळ घातले आणि हौदांवाटे शहराला पाणी दिले. जालन्याच्या बागांतील फळे हैदराबाद व मुंबईच्या बाजारांत जात, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. पण ती नळयोजना तोवर नादुरुस्त होऊन एकच हौद वापरात उरला होता, हेही तेच सांगते. बांधणाऱ्याचे नाव राहिले, राखणारे मात्र कोणी उरले नाहीत. आजही उद्घाटनाच्या कोनशिलेला पैसा मिळतो. माळ्याच्या पगाराला मिळत नाही.

बाग कारंज्यांनी आणि रंगीत दिव्यांनी जगत नाही, ती पाण्यावर जगते. तलावात येणारे ओढे मोकळे नसतील, सांडपाणी अडवले जात नसेल, तर फरशा बसवून काय साधणार? गाळ उपसणे जालनेकरांना नवे नाही. घाणेवाडी जलाशयाचा गाळ त्यांनी लोकवर्गणीतून काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेला. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या या शहराला पाण्याची किंमत कोणी शिकवावी?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने व क्रीडांगणे नागरी संस्थांच्या कामांत घातली. २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. आता बाग ठेकेदाराच्या हवाली करून फाटकावर तिकीटखिडकी उघडण्याचा मोह कोणालाही होऊ नये. चार मुलांना घेऊन येणाऱ्या मजूर स्त्रीला दहा रुपयांचे तिकीटही परत पाठवते. मग ती बाग सार्वजनिक राहत नाही. कुलूपबंद नसलेले स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, कडुनिंब-वडाची सावली आणि कायम नेमणुकीचे माळी एवढे आधी द्या. मुलांचे झोके त्यानंतर, आणि पुतळे सर्वांत शेवटी!

निविदा काढण्यापूर्वी कामाचे संपूर्ण अंदाजपत्रक मराठीत व उर्दूत बागेच्या फाटकावर लावावे आणि तेथेच, सुटीच्या दिवशी सायंकाळी, नागरिकांची सभा बोलवावी.