सहातून एक वजा

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मशीन डिझाइनचं प्रॅक्टिकल संपवून आम्ही कँटीनला बसलो होतो. आमच्या बॅचमधल्या एकाने (नाव सांगत नाही, तो हे मासिक वाचतो) एका छोट्याशा, चपट्या रिव्हॉल्व्हरचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "तुम्ही मुली लायब्ररीतून रात्री एकट्या येता ना? असलं एक पर्समध्ये टाकायचं, काम खल्लास!" सगळे हसले. मीही हसले. पण मेकॅनिकलवाली आहे, त्यामुळे फोटो काही डोक्यातून जाईना. हे इतकं चपटं केलं कसं? आणि त्यासाठी सोडलं काय?

रिव्हॉल्व्हरमध्ये जाड असतो तो सिलिंडर (गॅसचा नव्हे!). बाकीचं सगळं फूटपट्टीसारखं पातळ करता येतं. .३८ स्पेशल या काडतुसाच्या बुडाला एक कड असते, तिचा व्यास सुमारे ११.२ मि.मी. शेजारशेजारच्या कडा एकमेकींवर चढू शकत नाहीत, म्हणून दोन चेंबरच्या केंद्रांत निदान तेवढं अंतर हवंच. आता सहा चेंबर म्हणजे षटकोन. त्याची त्रिज्या बाजूइतकीच, ही शाळेतली भूमिती. पाच केले की त्रिज्या बाजूच्या ०.८५ पट होते. म्हणजे व्यासात तीन-साडेतीन मि.मी.ची बचत. प्रत्यक्षातही स्मिथ अँड वेसनच्या सहा गोळ्यांच्या मधल्या आकाराच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर साधारण ३७ मि.मी.चा असतो आणि पाचवाल्याचा ३३. एक गोळी देऊन तीन-चार मिलिमीटर विकत घ्यायचे, असा हा सौदा.

यात एक गंमतही आहे. सिलिंडर जागच्या जागी अडकावा म्हणून त्याच्या बाहेरून खाचा पाडलेल्या असतात. सहा चेंबर असले की खाच नेमकी चेंबरवर येते, म्हणजे भिंत जिथे सर्वांत पातळ तिथेच. पाच असले की ती दोन चेंबरच्या मधल्या जाड धातूत पडते. कमी करताना फुकटात मजबुती! आमचे सर असतं तर व्हायवात नक्की विचारलं असतं.

हा चपटेपणाचा सोस जुना आहे. कोल्ट कंपनीने १८७१ मध्ये चारच गोळ्यांचं एक रिव्हॉल्व्हर काढलं, त्याचा सिलिंडर चार पानांच्या क्लोव्हरसारखा. तो एक अष्टमांश फिरवून ठेवला की दोन्ही बाजू सपाट होत आणि ते खिशात दिसत नसे. १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जिम फिस्क नावाच्या बड्या शेअरबाजारवाल्याचा खून झाला, तेव्हापासून लोक त्या मॉडेललाच फिस्कचं नाव लावू लागले. लपवण्यासाठी केलेली वस्तू कोण लपवणार आहे, ते डिझायनरच्या हातात नसतं.

पाच गोळ्यांचं आजचं घराणं १९५० पासूनचं. अमेरिकेतल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत ते दाखवलं गेलं, म्हणून नाव पडलं चीफ्स स्पेशल. पुढे वर्दीवाले पोलीस ते घोट्याला किंवा खिशात 'दुसरं' म्हणून बाळगू लागले. कारणही पटण्यासारखं आहे. रिव्हॉल्व्हर रिकामं झालं की एकेक काडतूस भरत बसण्यापेक्षा दुसरं उपसणं लवकर होतं. तिकडे याला 'न्यूयॉर्क रिलोड' म्हणतात.

हे दुसरं रिव्हॉल्व्हर कामाला येतं का? येतं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली. गाड्यांच्या धडकेत जॉन हॅनलन या एजंटचं मुख्य रिव्हॉल्व्हर हातचं गेलं. त्याच्याकडे राहिलं ते पाच गोळ्यांचं. त्याने ते चालवलं, आणि रिकामं झाल्यावर भरत असतानाच त्याच्या हाताला गोळी लागली. तो वाचला. त्या दिवशी दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. हॅनलन शिकलेला, सराव असलेला माणूस होता, सोबत सात सहकारी होते. तरी पाच गोळ्या संपल्या तेव्हा हे झालं.

आता आपल्या त्या फोटोकडे येऊ. वजन कमी केलं की धक्का वाढतो, हे न्यूटनला विचारा. १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला २३० मीटरने सुटली, तर ५५० ग्रॅमचं छोटं रिव्हॉल्व्हर हातात सुमारे ५ ज्यूलचा दणका देतं. मोठं, ९६० ग्रॅमचं असेल तर ३ पेक्षाही कमी (गॅसचा भाग मी सोडून दिलाय). त्यात चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या नऊ-दहा पट, एका बोटाने, आणि तेही न हलवता. नळी दोन इंचांची, त्यामुळे नेमातली बारीकशी चूकही लांबवर मोठी होते. टायटॅनियमच्या सिलिंडरची काही मॉडेलं तर साडेतीनशे ग्रॅमच्याही आतली आहेत. त्यांचा धक्का इतका, की न उडालेल्या काडतुसातली गोळी जडत्वामुळे पुढे सरकून सिलिंडरच अडकू शकतो. काहींच्या तर नळीवरच सूचना कोरलेली असते, १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका म्हणून; ती मात्र टायटॅनियमचा सिलिंडर लवकर झिजू नये यासाठी.

थोडक्यात, चालवायला सर्वांत अवघड ते हेच. ज्याला पहिलं हत्यार आहे आणि सराव आहे, त्याचं 'दुसरं' म्हणून हा प्रामाणिक सौदा आहे, माझा त्याला विरोध नाही. राग येतो तो हेच 'पहिलं आणि एकुलतं' म्हणून बायकांच्या हातात देतात त्याचा. स्मिथ अँड वेसनने १९८९ मध्ये लेडीस्मिथ आणलं. आपल्याकडे दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' काढलं. त्यात काडतूस लहान, .३२ चं, म्हणून सहा गोळ्या मावल्या. वजन ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजार ३६०. आणि पेटी कसली, तर दागिन्यांच्या डब्यासारखी! म्हणजे हलकं, छान दिसणारं, पर्समध्ये मावणारं. पण पर्समध्ये मावणं ही अडचण कुणाची होती? अंधारात दोन हातांवरून कुणी झडप घातली, तर पर्सची चेन उघडायला मिळेल का, याचं उत्तर वजनाच्या आकड्यात नाही. शिवाय ते हिसकावलं गेलं तर पुढच्याच्या हातातही तेवढंच हलकं.

बरं, मला तर लायसनही मिळणार नाही. शस्त्र कायद्यात २१ पूर्ण लागतात, मी वीसची आहे.

हे सगळं मी त्या मित्राला कागदावर आकडे मांडून सांगितलं. त्याने हिशोब तपासला, एका ठिकाणी दशांशचिन्ह चुकलं होतं ते दुरुस्त केलं (खरंच चुकलं होतं) आणि म्हणाला, "मग काय करायचं म्हणतेस?" लायब्ररी ते लेडीज होस्टेल या रस्त्यावर सात खांब आहेत आणि त्यातले तीन दिवे गणपतीपासून बंद आहेत. आम्ही अर्ज लिहिलाय, बावीस सह्या झाल्यात. तेविसावी त्याची आहे. अर्ज रेक्टर मॅडमच्या ऑफिसबाहेर टेबलावर ठेवलाय, मुलांनीही सही केली तर चालेल.