यकृत बदलले, तरी तपासणी सुटत नाही

यकृत प्रत्यारोपण ठरले की वस्तीत वर्गणी निघते, दागिने मोडले जातात, घरातलेच कुणी आपल्या यकृताचा भाग देते. पेशंट घरी आला की सगळ्यांना वाटते, सुटलो. माझे म्हणणे असे, की वर्गणी तिथे थांबू नये. पुढच्या तपासण्यांचे पैसे आधीच वेगळे ठेवावेत.

कारण प्रत्यारोपणानंतरही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. मूळ आजारच कर्करोगाचा असेल, तर शरीरात कुठेतरी राहिलेल्या, तपासणीत न दिसलेल्या पेशी पुन्हा वाढतात. बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. १९६७ साली अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी यकृताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर प्रत्यारोपण केले. ती वर्षाहून अधिक जगली; गेली ती परतलेल्या कर्करोगानेच. १९९६ पासून डॉक्टर गाठीचे माप पाहून पेशंट निवडतात: एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत. त्यामुळे धोका खूप घटला, संपला नाही.

नव्या यकृतात अगदी नवा कर्करोग होणे दुर्मीळ. हिपॅटायटिस बी किंवा सी परतला, दारू पुन्हा सुरू झाली, यकृत पुन्हा निबर झाले, तर तो होतो. त्यात टॅक्रोलिमससारख्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. पण म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. शरीर नवे यकृत नाकारते.

सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून तारीख चुकते. लोणावळा-कामशेतहून लोकलने पुणे गाठायचे म्हणजे एक रोज बुडतो, वर स्कॅनचा खर्च. निदान रक्त तरी मावळातल्या सरकारी दवाखान्यात घेतले जावे आणि रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांकडे जावा, ही मागणी आपण एकत्र केली पाहिजे.

आणि यकृत बिघडले म्हणजे दारूच, असे बोलून कुणाला लाजवू नका. हिपॅटायटिस वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी व औषधे मोफत आहेत. घरात एकाला बी निघाला, तर सगळ्यांनी तपासून घ्या. बाळाला जन्मल्यावर २४ तासांत लस द्या.

शस्त्रक्रियेला धावणारी वस्ती सहा महिन्यांनीही विचारू दे: तपासणी झाली का?