कर्णधाराने मागे घेतलेली तक्रार

जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटी म्हटली की पंचांचे सदोष निर्णय आणि हरभजनसिंगवरील तीन कसोट्यांची बंदी एवढेच स्मरते. (ती बंदी पुढे अपिलात उठली.) पंच स्टीव्ह बकनर यांना पर्थच्या कसोटीतून वगळण्यात आले, त्यात न्यायबुद्धीपेक्षा भारतीय मंडळाच्या तिजोरीचे वजन अधिक होते, हे उघड आहे. अशा वातावरणात कर्णधार अनिल कुंबळे यांनी ब्रॅड हॉगविरुद्धची शिवीगाळीची तक्रार मागे घेतली. शिवी दिली गेल्याचा आरोप होता तो खुद्द कुंबळे व धोनी यांनाच! १२२ धावांनी हरलेल्या, अन्यायाने पोळलेल्या संघाच्या नायकाने हे करणे सोपे नव्हते. पर्थला भारत ७२ धावांनी जिंकला. ऑस्ट्रेलियाची सलग सोळा विजयांची घोडदौड तेथेच थांबली.