पदवीची अर्धी वाट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवी शिक्षणाची नवी रचना लागू झाली: स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी मिळते. मधेच बाहेर पडणाऱ्याने व्यवसायाभिमुख अभ्यासाचे वा प्रशिक्षणाचे चार जादा श्रेयांक मिळवावे लागतात, ही अट मात्र प्रवेशाच्या गर्दीत निसटून जाते.

वडिलांचे आजारपण वा कर्जाचा बोजा यांमुळे ज्यांना महाविद्यालय सोडावे लागे, त्यांच्या हाती पूर्वी केवळ गुणपत्रिका उरत. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार त्यांना तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. ही सोय आम्ही स्वागतार्ह मानतो.

तथापि कागदाचे मोल तो देणारा ठरवीत नाही, स्वीकारणारा ठरवितो. नाशिक येथे ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली प्रारंभ केला, त्यामुळे सोराबजींच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली. ज्ञान तेच होते; तीस वर्षे उणीव होती ती कागदाची.

आज उलट भीती वाटते. कागद आहे, पण त्याला दार उघडेल काय? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस पदवीच लागते. एका वर्षाचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही. खासगी मालक त्याला किती किंमत देतील, हे अद्याप ठरावयाचे आहे. आणि या दाराने बाहेर कोण पडणार? ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले चौथ्या वर्षापर्यंत जातील, त्यांतील पंचाहत्तर टक्के गुण मिळविणारे थेट पीएच.डी.साठी पात्रही ठरतील. "प्रमाणपत्र मिळाले, आता पुरे," हे वाक्य मात्र बहुधा मुलीलाच ऐकावे लागेल. अडचणीसाठी ठेवलेले दार अशा घरी सोयीचे ठरते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे: पाल्याने शिक्षण थांबविण्याआधी परतीचे नियम महाविद्यालयाकडून लेखी घ्यावेत आणि त्याचे श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी.