मताचें मूळ : भाषा कीं भूमि?

एकच भाषा बोलणाऱ्या लोकांचें राजकीय मनही एकच असतें, आणि तें तसें नसेल तर कोणी तरी तें बिघडविलें असलें पाहिजे, हा सिद्धांत महाराष्ट्रांतील सुशिक्षित वर्गांत इतका रूढ झाला आहे कीं, त्यास पुरावा मागणें हेंच अनौचित्य समजलें जातें. नागपूरकडील मनुष्य मुंबईच्या कारभाराविषयीं कुरकूर करूं लागला म्हणजे आमचे पुण्यामुंबईचे विद्वान् बंधु दोनच निदानें करतात : एक तर हा हिंदीच्या शेजारानें बिघडला, नाहीं तर सत्तेस हपापलेल्या कोणा पुढाऱ्यानें याचे कान फुंकले. तिसरें निदान त्यांस सुचत नाहीं. तें मांडण्याकरितां हा लेख आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मनुष्याचें राजकीय मत त्याचें गांव आणि त्याचें सरकार यांच्या दरम्यान जी वाट असते त्या वाटेवर जन्मास येतें. ती वाट किती लांब आहे, तिच्या शेवटीं कोणतें शहर आहे, आणि तेथें पोंचल्यावर गाऱ्हाणें ऐकणारा कोणी भेटतो कीं नाहीं, यावर त्याचें राजकारण ठरतें.

पुराव्यासाठीं फार दूर जावयास नको. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कळमेश्वर, काटोल, नरखेड आणि पांढुर्णा हीं गांवें क्रमानें लागतात. कळमेश्वराकडे आणि पांढुर्ण्याकडे सारखीच मराठी बोलली जाते. काळ्या जमिनींत कापूस आणि बागांत संत्रें, हें चित्रही दोहोंकडे सारखेंच. १९५६ पर्यंत हीं दोन्ही गांवें, नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या एकाच मध्यप्रदेशांत मोडत. त्या वर्षीं राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यांत गेला, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मागें राहिला. आज पांढुर्ण्याचा मराठी मतदार भोपाळकडे पाहून मत देतो, कळमेश्वरचा मुंबईकडे पाहून. २०२३ सालीं सौंसर व पांढुर्णा मिळून मध्यप्रदेशांतच निराळा जिल्हा झाला. भाषा एक, माती एक, रूळही एकच; राजकारणाचे संसार मात्र दोन. भाषा हीच जर मताची जननी असती, तर एका मातेचीं हीं दोन लेकरें साठसत्तर वर्षांत एकमेकांस इतकीं अनोळखी कां व्हावीं?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास या कामीं विशेष बोधप्रद आहे. व्हर्जिनिया हें तेथील एक जुनें संस्थान. त्याच्या पूर्वेस सखल प्रदेश, मोठाले मळे आणि गुलामांच्या श्रमांवर पोसलेले जमीनदार. पश्चिमेस डोंगर, लहान शेतकरी आणि गुलाम थोडे. दोहोंची भाषा इंग्रजी, आणि वॉशिंग्टन-जेफर्सन यांचा अभिमान दोहोंस सारखाच. परंतु विधिमंडळावर मळेवाल्यांचें वर्चस्व असल्यामुळें गुलामरूपी मालमत्तेवरील कर हलका राही, आणि रस्त्या-कालव्यांचा खर्च आपल्या वांट्यास येत नाहीं ही डोंगरवासीयांची जुनी तक्रार होती. १८६१ सालीं व्हर्जिनियानें संघराज्यांतून फुटण्याचा ठराव केला, तेव्हां डोंगराळ मुलुखानें तो झिडकारला, आणि २० जून १८६३ रोजीं पश्चिम व्हर्जिनिया हें स्वतंत्र संस्थान झालें. युद्ध संपलें, गुलामगिरी गेली. परंतु तें संस्थान आजतागायत निराळेंच आहे. तेथें कोणाची भाषा बाटली होती?

त्याच देशांत १८३१ सालीं गेलेल्या तॉकव्हिल या फ्रेंच पंडितानें न्यू इंग्लंडमधील गांवसभांचें मोठें मार्मिक विवेचन केलें आहे. तेथील गांवकरी रस्ता, शाळा आणि कर यांचा निर्णय स्वतः करीत, म्हणून त्यांचें मन गांवाशीं बांधलेलें असे. गांवाच्या हातची सत्ता काढून घेतली, तर तेथें प्रजा राहील पण नागरिक राहणार नाहींत, असा त्याच्या विवेचनाचा इत्यर्थ आहे. आमच्याच काळांत कॅथरिन क्रेमर या विदुषीनें विस्कॉन्सिन संस्थानांतील लोकांच्या बैठकींतून २००७ पासून कित्येक वर्षें त्यांचें बोलणें ऐकलें, आणि २०१६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यांतील लोकांची तक्रार तिहेरी आढळली : निर्णय राजधानींत होतात, पैसा राजधानीकडे जातो, आणि राजधानीचे लोक आम्हांस खिजगणतींत धरीत नाहींत. पैशाचा हिशेब मांडला असतां ही समजूत सर्वस्वीं खरी ठरत नाहीं, हेंही तिनें दाखविलें. पण हिशेबानें ती समजूत नाहींशी होत नाहीं. उपेक्षेचें दुःख आंकड्यांनीं फिटत नसतें, हें आपल्याकडील अर्थशास्त्रज्ञांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां घराकडे वळूं. भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि तेव्हांपासून १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती. म्हणजे पंचाण्णव वर्षें कळमेश्वरच्या शेतकऱ्याचें सरकार बैलगाडीनें एका दिवसांत गांठतां येईल इतक्या अंतरावर होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें मुंबईस, लोहमार्गानें आठशें किलोमीटरांहून दूर गेलें. ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पूर्ण झाला हें खरें. पण वाट आंखूड झाली म्हणून ऐकणारा जवळ आला असें होत नाहीं.

अंतराइतकाच जमिनीच्या व्यवस्थेचाही मनावर संस्कार होतो. पुणें-साताऱ्याकडे रयतवारी, शेतकरी आणि सरकार यांच्यामध्यें गांवाचा मालक असा कोणी नव्हता. नागपूरकडे इंग्रजांच्या जमाबंदीनें मालगुजार हा गांवाचा मालक ठरला, आणि ती मालकी १९५१ सालीं कायद्यानें संपेपर्यंत गांवाचें राजकारण मालगुजाराच्या वाड्याच्या ओसरीवर चाले. पुढें पश्चिमेकडच्या ऊंस पिकविणाऱ्यानें १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्या कारखान्याच्या पायऱ्यांवरून शेतकऱ्याचा मुलगा विधिमंडळापर्यंत चढला. कळमेश्वरच्या कापूस पिकविणाऱ्यास अशी शिडी मिळाली नाहीं. १९७२ सालीं एकाधिकार कापूस खरेदीची योजना सुरू झाली, तेव्हां त्याच्या मालाचें गिऱ्हाईक एकच उरलें : सरकार. ज्याचा कारखाना स्वतःचा आहे, तो सरकार बनविण्याचें राजकारण करतो. ज्याचा भाव दुसऱ्यानें ठरवावयाचा, तो सरकारकडे मागण्याचें राजकारण करतो. हा फरक बुद्धीचा नव्हे, रक्ताचा तर नव्हेच नव्हे. ऊंस आणि कापूस या दोन पिकांनीं व त्यांभोवतीं उभ्या राहिलेल्या संस्थांनीं तो घडविला आहे. तरीही विदर्भाचा मनुष्य आळशी आणि रडका, असें म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांस दर महिन्यास भेटतात!

बाहेरून आलेल्यांसही भूमि आपलेंसें करते. ब्रिजलाल बियाणी हे मारवाडी कुळांतील, हिंदीचे साहित्यिक. परंतु स्वतंत्र विदर्भाचा झेंडा त्यांनीं खांद्यावर घेतला, आणि लोकांनीं त्यांस विदर्भकेसरी म्हटलें. पी. व्ही. नरसिंह राव हे तेलुगूभाषक. त्यांस रामटेकच्या मराठी मतदारांनीं १९८४ आणि १९८९ अशा दोन वेळां लोकसभेवर पाठविलें. भाषेचे पुजारी याची उपपत्ति कशी लावणार?

भाषावाद्यांस आमचा खरा प्रश्न वचनाचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च, नोकऱ्यांत व उच्च शिक्षणांत न्याय्य वांटा, आणि वर्षांतून कांहीं निश्चित काळ सरकारचें नागपुरांत वास्तव्य, अशीं त्यांत आश्वासनें होतीं. १९५५ सालीं राज्य पुनर्रचना आयोगानें विदर्भाचें निराळें राज्य करण्याची शिफारस केली असतांही तें झालें नाहीं; तें या आश्वासनांच्या भरंवशावर. पुढें १९८४ सालीं दांडेकर समितीनें अनुशेष मोजून दाखविला. १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें आलीं. ३० एप्रिल २०२० रोजीं त्यांची मुदत संपली. नागपूरचें अधिवेशन हिंवाळ्यांत भरतें, आणि सरकार पाहुण्यासारखें येऊन, हुरडा खाऊन, परत जातें. ज्यांनीं एका भाषेच्या नांवानें घर एक केलें, त्यांनींच धाकट्या भावाचा वांटा दप्तरांत बांधून ठेवावा, आणि त्यानें तो मागितला कीं मातृभाषेची शपथ घालावी, हें कोणत्या नीतींत बसतें?

परंतु नागपुरांतील आमच्या वक्त्यांसही सुटका नाहीं. त्यांच्या व्याख्यानाचा आरंभ रुक्मिणीपासून होतो आणि शेवट राजधानीच्या इमारतींपाशीं. कौंडिण्यपूरच्या पुण्याईनें विदर्भ हा सनातन एकजीव देश आहे, हें त्यांचें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, १९०२ सालीं त्याचा कायमचा पट्टा झाला, आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. तेथें रयतवारी, नागपुरास मालगुजारी. एकाचा धनी हैदराबाद, दुसऱ्याचा भोसले. या दोन मुलुखांस जोडणारा धागा पुराणांतील नाहीं. एका विधिमंडळांत बसून, एका बहुसंख्य हिंदी पक्षाशीं झगडतांना तो विसाव्या शतकांत वळला गेला, आणि १९३८ सालीं त्याच विधिमंडळांत निराळ्या प्रांताचा ठराव झाला. आम्ही हें विदर्भाचा अधिक्षेप म्हणून सांगत नाहीं. एकत्र भोगलेल्या कारभारांतून जी एकता निपजते, ती पुराणांतल्या एकतेपेक्षां अधिक खरी असते. मात्र ती तशीच ओळखावी, आणि ती टिकवावयाची तर कारभारानेंच टिकवावी.

आणि येथेंच कळमेश्वरचा प्रश्न उभा राहतो. नागपूरनें मुंबईविरुद्ध जें जें म्हटलें, तें तें कळमेश्वरास नागपूरविरुद्ध म्हणतां येणार नाहीं काय? २०१७ सालीं नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें, आणि कळमेश्वर तालुक्यांतील गांवेंही त्याच्या कक्षेंत आलीं. जमिनीचा उपयोग कसा व्हावा, घर कोठें बांधावें, हें ठरविण्याचा अधिकार अशा मंडळीच्या हातीं गेला कीं जिला तेथील गांवकरी निवडून देत नाहीं. उद्यां विदर्भाचें राज्य झालें आणि हीच रीत चालू राहिली, तर मुंबईच्या जागीं नागपूर बसेल. संत्र्याच्या बागेच्या धन्याची वाट तीच राहील, फक्त दाराचा रंग बदलेल.

यावर आक्षेप येईल कीं, अशानें प्रांताचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे होतील, आणि शेवटीं गांव तेवढीं राज्यें मागावीं लागतील. या आक्षेपाचें उत्तर कळमेश्वर तालुक्यांतच मिळतें. धापेवाड्यास विठोबाचें देवालय आहे. नदीचें नांवही चंद्रभागाच, आणि लोक त्यास विदर्भाचें पंढरपूर म्हणतात. कोलबास्वामींना वृद्धपणीं पंढरीची वारी झेपेना, तेव्हां विठोबाच धापेवाड्यास आला, अशी आख्यायिका आहे. या देवालयानें पंढरपूरशीं वैर मांडलें नाहीं. आषाढांत तेथें यात्रा भरते आणि पंढरीची वारीही चालते. देव भक्ताच्या दारीं आला म्हणून संप्रदाय फुटला नाहीं. उलट तो रुजला. सत्तेचेंही तसेंच आहे. ती गांवाच्या दारीं आली तर राज्य फुटत नाहीं. ती दूर रुसून बसली म्हणजे फुटीची भाषा सुरू होते. पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांस राजधानींत वेळींच न्याय्य वांटा मिळता, तर त्यांची तक्रार इतकी विकोपास गेली असती काय, याचा विचार वाचकांनींच करावा.

एके काळीं या मुलुखानें तसा प्रयोग केलाही होता. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनें १९४८ सालीं जनपदाची योजना आणून तहशिलीच्या पायरीवर लोकनियुक्त सभा उभ्या केल्या. त्यांत दोष होते, पैसाही थोडा होता. परंतु सरकार गांवाच्या जवळ आणण्याचा विचार त्यामागें होता. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या आणि जनपदें इतिहासजमा झालीं. आणि परिषदा-पालिकांचें तरी आम्ही काय केलें? २०२२ नंतर कित्येक वर्षें महाराष्ट्रांतील बहुसंख्य नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांचा कारभार प्रशासकांनीं हांकला. निवडणुका घ्या म्हणून मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास आज्ञा करावी लागली. भाषेच्या पाटीवरून रस्त्यांत उतरणारे वीर त्या काळांत कोठें होते? विदर्भाच्या नांवानें घसा कोरडा करणारे कोठें होते? गांवाचें तोंड बांधलेलें असतांना एक पक्ष मराठीचा जयघोष करीत होता आणि दुसरा विदर्भाचा. गांवासाठीं मात्र कोणी शब्द काढला नाहीं.

म्हणून राज्य एक असावें कीं दोन, या वादांत कळमेश्वरच्या मनुष्यानें दोन्ही पक्षांस प्रथम एकच प्रश्न विचारावा : माझ्या गांवच्या पाण्याचा, शाळेचा आणि जमिनीचा निर्णय माझ्या मतानें, माझ्या डोळ्यांदेखत, होईल कीं नाहीं? जो पक्ष याचें उत्तर कायद्यानें, पैशानें आणि वेळच्या वेळीं घेतलेल्या निवडणुकीनें देईल, तोच त्याच्या निष्ठेस पात्र. हें उत्तर मिळेपर्यंत त्याची कुरकूर चालूच राहील, आणि ती चालू राहिली पाहिजे.